डबल बेल दिली आणि विमान हललं

तीर्थस्वरूप दाजी यांच्या सेवेशी,

सध्या सुखरूप जमिनीवर असलेल्या तुमच्या मेव्हण्याचा, त्याच जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तिकडे तुमचा गुडघा, ताईचं ब्लडप्रेशर आणि न्हाणीघरातला तो गळका नळ, तिघांचीही तब्येत बरी असेल अशी आशा करतो. तुम्ही म्हणाल, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाने पत्र कशाला लिहावं, चार पावलं चालत यायला काय झालं होतं? तर दाजी, मी चालत आलो की तुम्ही विषय बदलता आणि फोन केला की तुम्ही फोन ठेवता. पत्राचं तसं नाही. ते ताईच्या हातात असतं, आणि ताईने एकदा हातात घेतलेलं काम अर्धवट सोडल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. (ताई, चष्मा लाव, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बस आणि खणखणीत आवाजात वाच. कंसातलंही वाचायचं. तुला गैरसोयीचं वाटेल ते गाळायचं नाही.)

आधीच सांगून टाकतो की या पत्रात मी तुमच्या डोळ्यांचं नाव काढणार नाही. तसा शब्द मी ताईला दिलाय. डावा गेला तो गेलाच, उजव्यातला मोतीबिंदू पिकून दगड झालाय, आपल्या इथल्या डॉक्टरांनी हात जोडले, असल्या डोळ्याला हात लावणाऱ्या एकुलत्या एक डॉक्टरीणबाई त्या दुसऱ्या शहरात बसतात, त्यांनी दिलेल्या दोन तारखा तुम्ही वाया घालवल्यात, तिसरी येत्या एकोणीसची आहे आणि त्यानंतर आमच्याकडून काही होणार नाही असं त्यांनी स्वच्छ कळवलंय, यातलं एक अक्षरही मी लिहिणार नाही. रस्त्याने सोळा तास लागतात, शस्त्रक्रियेनंतर सोळा तास धक्के खात परत जायचं नाही, विमानाने या नाहीतर येऊ नका, असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर "ज्या ड्रायव्हरचं तोंड दिसत नाही त्याच्या गाडीत मी बसत नाही" एवढं बोलून तुम्ही जेवायला बसलात, तेही मी उकरून काढणार नाही. गेल्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी चहा ओतलात तो कपाच्या शेजारी, टेबलावर, आणि वर कप कोणी सरकवला म्हणून मलाच झापलंत. मी तो चहा फडक्याने पुसला आणि छान झालाय म्हणालो. असो. विषय विमानाचा आहे.

तर त्याचं झालं असं, की आमच्या व्याह्यांनी कधीपासून बोलावणं लावलं होतं. दरवेळी काही ना काही अडचण निघायची. शेवटी मुलगा म्हणाला, बाबा, एक तास दहा मिनिटांचा तर प्रवास, विमानाने जा आणि या. एक तास दहा मिनिटं, दाजी. एवढ्या वेळात आपली गाडी शहराबाहेरसुद्धा पडायची नाही, आणि पडलीच तर पहिल्या चहाला थांबायची. मी म्हटलं, ठीक आहे. चौसष्टाव्या वर्षी माणसाने एकदा तरी पॅसेंजर होऊन बघावं. आयुष्यभर तुमच्या बसमध्ये उभ्याने दुसऱ्यांना तिकिटं दिली, आता कोणीतरी आपल्याला देऊ दे.

विमानतळावर मी चार तास आधी पोचलो. (मुलगा म्हणत होता दोन तास पुरे. पण ड्यूटीवर वेळेआधी हजर होणं म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार, तो बिछान्यात बसून ड्यूटी करतो.) काय ती इमारत, काय ते छत. आपल्या डेपोत माणूस तेलावरून घसरून पडायचा, इथे नुसत्या स्वच्छतेवरून पडेल. पाटीवर प्रत्येक गाडीची वेळ, दरवाजा क्रमांक, उशीर असेल तर किती उशीर, सगळं लिहिलेलं. चौकशीच्या खिडकीपाशी भांडण नाही. मी मुद्दाम अर्धा तास उभा राहून वाट बघितली, एकही झालं नाही. आणि बोर्डिंग पास देणारी ती मुलगी. माझं ओळखपत्र बघितलं, पिशवी काट्यावर ठेवायला लावली, तिला चिठ्ठी बांधली, सरकत्या पट्ट्यावर ढकलली, पास छापून माझ्या हातात दिला आणि वर हसली. मी घड्याळ लावलं होतं, पन्नास सेकंद. माझा हात भरात असताना मी पन्नास सेकंदांत चार तिकिटं फाडायचो हे खरं, पण हसायचो का? तुम्हीच सांगा. एकदाही नाही.

पुढे तपासणी. तिथे मात्र माझ्याकडून जरा घोटाळा झाला. तुम्हाला माहीतच आहे की निवृत्त झालो तरी तिकिटाला भोक पाडायचा माझा पंच मी खिशात ठेवतो. (तुम्ही नाही का अजून दाराच्या खिळ्याला गाडीची किल्ली अडकवून ठेवलीय. ती गाडी भंगारात जाऊन बारा वर्षं झाली.) तपासणीच्या जवानाने तो बाहेर काढला, उलटासुलटा केला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी तोंडाने समजावून सांगितलं, त्याला पटेना. मग म्हटलं, बघा, असा धरायचा, इथे कागद घालायचा, आणि असं. कागद म्हणून त्या क्षणी माझ्या हातात जो होता तो माझाच बोर्डिंग पास. सवयीने दोन भोकं पाडली, एक चढल्याचं आणि एक उतरल्याचं. जवानाला पंच आवडला, त्याने तो सन्मानाने परत केला. पण विमानाच्या दारापाशी यंत्राखाली पास धरला तर यंत्र लाल. पुन्हा धरला, पुन्हा लाल. माझी दोन्ही भोकं बरोबर त्या काळ्या रेघांच्या चौकोनात पडली होती. तिथल्या बाईंनी पास उजेडाकडे धरून भोकातून माझ्याकडे पाहिलं. आपल्या डेपोत अशा वेळी काय ऐकायला मिळालं असतं ते ताई वाचणार आहे म्हणून लिहीत नाही. त्या बाईंनी माझा नंबर हाताने टाइप केला आणि म्हणाल्या, प्रवास सुखाचा होवो. अशी माणसं नोकरीला मिळतात कुठून, हा विचार मी अजून करतोय.

दारातून बाहेर पडल्यावर विमानापर्यंत न्यायला बस होती. बस म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. रुंद दरवाजे, खाली टेकलेली पायरी, म्हाताऱ्या माणसालासुद्धा गुडघा वाकवावा लागत नाही. पण गाडीला कंडक्टर नाही. माणसं दारातच खांब धरून उभी, आत अर्धी गाडी मोकळी, बाहेर वीस जण खोळंबलेले. दोन मिनिटं मी घड्याळाकडे बघितलं. मग मात्र राहवेना. आत चला, मध्ये थांबू नका, पुढे जागा आहे, असं नेहमीच्या पट्टीत सांगितलं आणि दाजी, सगळी सुटाबुटातली माणसं मुकाट आत सरकली. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. आपला माणूस होता, त्याला कळलं.

विमानात शिरलो तर तोच प्रकार. मधली वाट दीड माणूस रुंद, आणि प्रत्येक जण त्या वाटेत उभा राहून वरच्या फळीत बॅग कोंबतोय. माझी जागा पुढच्याच बाजूला होती, खिडकीपासून दुसरी. खिडकीत भूगोल शिकवणाऱ्या एक शिक्षिका बसल्या होत्या, बोलक्या आणि प्रेमळ. पण गाडी भरत असताना कंडक्टरने बसायचं कसं? मी उभाच राहिलो. एका आजोबांना त्यांची रांग शोधून दिली, एका बॅगेचं हँडल आत वळवून फळीचं झाकण लावून दाखवलं, दोघा मित्रांना गप्पा बसल्यावर मारा म्हणून सांगितलं. तिथल्या ज्या मुख्य एअर होस्टेस होत्या त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या हळूच म्हणाल्या, आज गाडी सहा मिनिटं लवकर भरली, आता तुम्हीही बसा बरं. (ताई, "गाडी" हा शब्द माझा आहे, बाकीचे त्यांचे.) माझ्या सबंध नोकरीत वरिष्ठांनी मला असं एकदाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी लगेच बसलो.

आणि मग त्यांनी माणसं मोजायला घेतली. दाजी, हे बघायला तुम्ही हवे होतात. हातात अंगठ्याने दाबायचं एवढंसं यंत्र, पाठीमागून पुढे चालत यायचं, कोणाला बोट दाखवायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, नजर फक्त रांगेवरून जाते आणि अंगठा चालतो. किती सुंदर काम. पहिल्यांदा मोजलं, पुढे जाऊन कागदाशी ताडलं, भुवया जवळ आल्या. पुन्हा मोजलं. मी ओळखलं की एक कमी भरतोय. कारण मीही मोजले होते, न मोजून सांगतो कोणाला. मोठी माणसं एकशे बासष्ट, हाफ चार, मांडीवरचं एक. हात वर करून म्हटलं, बाई, निळ्या स्वेटरवाले एक गृहस्थ मागच्या संडासात गेलेत ते अजून आलेले नाहीत. त्या गेल्या, दारावर टकटक केलं, निळा स्वेटर बाहेर आला, हिशेब जुळला. परत जाताना त्यांनी माझ्याकडे बघून मान तुकवली. ती मान मी बरोबर घरी घेऊन आलोय असं समजा.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती तुम्ही डेपोत कोणाला सांगायची नाही. दरवाजा लागला. सगळे बसले. मोजणी जुळली. आणि गाडी हलेना. एक मिनिट झालं, दोन झाली. दाजी, दरवाजा लागल्यावर आणि मोजणी जुळल्यावर गाडी का हलत नाही, याचं मला सत्तावीस वर्षं एकच कारण माहीत आहे, ते म्हणजे मी बेल दिलेली नाही. डोक्यावर एक बटण होतं, त्यावर माणसाचं चित्र. माझा हात माझ्या नकळत वर गेला. टिंग टिंग. आणि शपथेवर सांगतो, विमान हललं. मात्र हललं ते मागे. मी दचकलो, कारण मागे घ्यायची डबल बेल नसते, त्यासाठी कंडक्टरने खाली उतरून गाडीच्या अंगावर थापा मारायच्या असतात. मी पट्टा सोडायलाच लागलो होतो, तेवढ्यात दुसरी एअर होस्टेस धावत आली आणि काय हवंय म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, काही नको, चालू द्या. तिने बटणाचा दिवा विझवला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की काका, ते आम्हाला बोलवायचं बटण आहे, मागे घ्यायला खाली वेगळा माणूस आणि वेगळी गाडी असते. मी म्हटलं, बरोबर आहे, एवढी मोठी गाडी एकट्याच्या भरवशावर मागे घेऊ नये.

मग त्यांनी पट्टा कसा लावायचा, दार कुठे आहे, काही झालं तर काय करायचं हे हातवारे करून दाखवलं. एकशे सदुसष्ट माणसांत एकही बघत नव्हतं. कोणी फोनमध्ये, कोणी झोपलेलं. उघड्या दारात उभे राहू नका असं रोज दोनशे वेळा सांगून एकानेही न ऐकण्याचं दुःख मला माहीत आहे. म्हणून मी पाठ ताठ करून पूर्ण बघितलं आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवली. अर्ध्यानंतर ती मुलगी माझ्याकडेच बघून दाखवायला लागली. शेवटी मी पट्टा लावून, काढून, पुन्हा लावून दाखवला.

आणि मग ते सुटलं. दाजी, तुम्हाला पहिला गिअर, दुसरा गिअर, मधला दम हे सगळं माहीत. इथे मधे काही नाहीच. एकदा दाबलं की पाठ खुर्चीला चिकटते आणि पोट मागच्या रांगेत राहतं. तेवढ्यात चाकांची खडखड बंद. मला वाटलं, गाडी बंद पडली. पण ती वर गेली होती. वरून जे दिसतं त्याचं वर्णन काय करावं. आधी आपलं शहर खाली सरकत गेलं, मोठमोठे पूल अंगठ्याच्या नखाएवढे झाले, रस्त्यावरच्या गाड्या काडीच्या गुलाएवढ्या. मग ढग लागले, पांढरे, दाट, आणि त्यांच्या वर आलो तर लख्ख ऊन. खाली पाहावं तर ढगांचं मैदान दूर कडेपर्यंत, आणि मधे एखादी फट पडली की तिच्यातून नदी दिसते, ती वळणं घेत घेत जाते आणि प्रत्येक वळणाच्या आतल्या बाजूला गाळाची पिवळी पट्टी. शेतांचे तुकडे शिंप्याच्या दुकानात खाली पडलेल्या कापडांसारखे, हिरवे, तपकिरी, एखादा मधेच काळा. असं वाटतं की माणसाला देवाने डोळे दिले ते याच एका तासासाठी. (डोळ्यांचं नाव निघालं, चूक झाली, ताई, पुढे वाच.)

वर पोचलो न पोचलो तोच त्या दोघींनी खाण्यापिण्याची गाडी बाहेर काढली. वाट दीड माणसाची, गाडी सव्वा माणसाची. एक पुढे चालतेय, दुसरी उलटी चालतेय, तीही चढ चढणाऱ्या वाहनात, हातात उकळत्या पाण्याची किटली. पंचेचाळीस मिनिटांत एकशे सदुसष्ट माणसांना विचारायचं, द्यायचं, उष्टं गोळा करायचं, झोपलेल्याला उठवायचं नाही आणि जागा असलेल्याला चुकवायचं नाही. दोन थांब्यांच्या मधे खचाखच गाडीत तिकिटं संपवायची म्हणजे काय ते मी जाणतो, आणि तरी सांगतो, मला हे जमलं नसतं. मी नुसता बघत राहिलो. माझ्या हातातला चहा निवला तरी मला पत्ता नाही.

मधे एकदा खड्डा लागला. हसू नका, आकाशातसुद्धा खड्डे असतात, आणि त्यांचं कंत्राट कोणाकडे आहे कळायला मार्ग नाही. गाडी धाडकन खाली आणि परत वर. माझा हात पुन्हा बटणावर. या वेळी टिंग, एकच, म्हणजे तुम्हाला कळलंच, गाडी थांबवा. त्या दोघी समोर आपापल्या खुर्चीत पट्टे लावून बसल्या होत्या. मुख्य बाईंनी तिथूनच हाताने खूण केली की काही नाही, बसून राहा, आणि त्या अशा शांत होत्या की मला माझीच लाज वाटली. मग छतातून ड्रायव्हरचा आवाज आला. थोडी हवा खराब आहे, पाच मिनिटं लागतील, पट्टे बांधून ठेवा. आवाज बाईचा होता. घाई नाही, काळजी नाही, उगाच गोडवाही नाही. घाटात धुकं उतरल्यावर तुम्ही मागे न बघता "बसून घ्या" म्हणायचात, अगदी त्याच पट्टीतला. सहाव्या मिनिटाला हवा सरळ झाली.

उतरताना तर कमाल केली. डेपोत तुम्हाला "लोणी" म्हणायचे, कारण तुमचा ब्रेक कधी लागला ते झोपलेल्या पॅसेंजरला कळायचं नाही. मी तुमचा मेव्हणा आहे, तुमच्याविरुद्ध साक्ष देणं मला शोभत नाही, पण खरं ते खरं. चाकं जमिनीला लागली हे मला आजूबाजूचे लोक उठून उभे राहायला लागले तेव्हा कळलं.

सगळे उतरले. मी उतरलो नाही. गाडी रिकामी झाल्याशिवाय आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघितल्याशिवाय मी आजवर उतरलेलो नाही, आणि या वयात सवय बदलायची म्हणजे कंबर बदलावी लागेल. एका लहान मुलाचा मोजा, एक पेन आणि बिस्किटांचा अर्धा पुडा एवढं सापडलं, ते जमा केलं. मग मुख्य बाईंना म्हटलं, माझे दाजी ड्रायव्हर आहेत, त्यांच्या वतीने मला तुमच्या ड्रायव्हरचं तोंड बघायचंय. त्या हसल्या आणि पुढचं दार वाजवलं. आणि दाजी, ड्रायव्हर बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील, हातात जेवणाचा डबा, आणि नाकावर जाडजूड चष्मा. तुम्ही आयुष्यभर सांगत आलात की चष्मा लागला की ड्रायव्हर संपला, म्हणून तुम्ही शेवटपर्यंत लावला नाहीत. या बाईंनी तो लावून एकशे सदुसष्ट माणसं ढगातून आणली आणि आता डबा खायला निघाल्या होत्या.

मी तुमच्या वतीने विचारलं की समोरचं सगळं नीट दिसतं का. त्या म्हणाल्या, ढगात शिरलं की काहीच दिसत नाही, काचेबाहेर नुसतं पांढरं. मग काय करता, म्हटलं. म्हणाल्या, यंत्रं दाखवतात आणि खालची माणसं सांगतात तसं जायचं, दिसत नसताना आपल्याच अंदाजाचा हट्ट धरायचा नाही, हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात. (ताई, हे वाक्य पुन्हा एकदा वाच. दाजी मुद्दाम खोकले तरी वाच.) यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. त्यांनी तुमची चौकशी केली. किती वर्षं चालवली विचारलं, मी चौतीस म्हटलं, त्यातली सत्तावीस माझ्यासोबत. किती अपघात, म्हणाल्या. मी म्हटलं, एक बैलसुद्धा नाही. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, त्यांना एकदा घेऊन या, मला भेटायला आवडेल. अशा माणसांच्या गाडीत बसायला नशीब लागतं, दाजी, आणि तुम्ही ते घरबसल्या नाकारताय.

इथेच थांबतो. हात दुखायला लागला आणि ताईचा घसाही कोरडा पडला असेल. मुलांना आशीर्वाद, नळाला वायसर बसवून घ्या, गुडघ्याला शेक द्या. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पदरात घ्या, घेतला नसेल तर आता खाली घेतोय.

तुमच्या गाडीत सर्वांत जास्त उभा राहिलेला पॅसेंजर,
तुमचा मेव्हणा

ता. क. अठराची तीन तिकिटं काढली आहेत. तुमचं, ताईचं आणि माझं. पहिली रांग मागून घेतली, ड्रायव्हरच्या दाराला अगदी लागून. जाताना खिडकी ताईची, मधे मी आणि वाटेकडेला तुम्ही, म्हणजे गुडघा पसरता येईल. रद्द करता येत नाहीत. (करता येतात, पण ताई, हे वाचू नकोस.)

ता. क. आमचे व्याही मी जाऊन आलो त्या शहरात राहत नाहीत, हे तुमच्या नसेल पण ताईच्या पहिल्या पानावरच लक्षात आलं असेल. माझं तिथे काहीच काम नव्हतं. नवीन मार्गावर गाडी घालायच्या आधी आपण रिकामी फेरी मारून बघायचो, तशी मारून आलो. विमानतळाच्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंत टॅक्सीने अडतीस मिनिटं, रस्ता चांगला आहे, एकच गतिरोधक. दवाखान्याला अकरा पायऱ्या, उजव्या हाताला कठडा, शेवटची पायरी जरा उंच आहे. लिफ्टही आहे, पण तुम्ही बसणार नाही म्हणून पायऱ्या मोजल्या. डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्यांना तुमच्या दोन्ही तारखा आठवत होत्या. म्हणाल्या, तिसऱ्या वेळी येतील ना ते? मी हो म्हणून आलोय. संध्याकाळच्या विमानाने परत आलो.

ता. क. (ताई, हे जरा सावकाश वाच.) दाजी, वर ढगांचं आणि नदीचं जे लिहिलंय ते माझं नाही. ते त्या भूगोलाच्या बाईंचं आहे. त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. मी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही, जाताना नाही आणि येतानाही नाही. माझी छातीच झाली नाही. सबंध वेळ आतल्या माणसांकडे बघत राहिलो, आणि खड्डा लागला तेव्हा एक हात बटणावर होता आणि दुसऱ्याने त्या बाईंचा हात असा आवळला होता की त्यांना उतरताना पिशवी उचलता येईना. मला वाटायचं, मी प्रवासाला भीत नाही. घाटातून, पुरातून, धुक्यातून गेलो, तिकीट फाडताना हात कधी अडला नाही. त्याचं कारण मला परवा वर गेल्यावर कळलं. कंडक्टरची पाठ रस्त्याकडे असते. सत्तावीस वर्षांत मी रस्ता बघितलेलाच नाही, तो तुम्ही बघत होतात. तुमचं तोंडही मला दिसत नव्हतं. तुमच्यावर सोडून दिलं होतं आणि निर्धास्त तिकिटं फाडत होतो. दाजी, मला परवा तिथे तुमची फार आठवण आली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टी दुसऱ्याच दिवशी काढतात. येताना खिडकी तुमची. मी मधे बसून आतली माणसं मोजीन, बाहेर बघायचं काम तुमचं. खाली काय काय दिसतंय ते एकेक करून सांगत चला. मला ते तुमच्याकडून ऐकायचंय.